बारा संदेशांची एक फाइल

गुरुवार, दिनांक १२ डिसेंबर २००२ रोजी सकाळी साडेअकरा वाजता नवप्रभात दूध उत्पादक संस्थेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेचे प्रकाशन झाले. स्मरणिकेत बारा मान्यवरांची बारा पाने होती आणि बाराही पानांभोवती जाड काळी चौकट होती. त्या बारांपैकी अकरा जण त्या वेळी हयात होते व त्यांतले नऊ जण व्यासपीठावर बसलेले होते.

स्मरणिकेची जुळणी ज्योतिबाने केली होती. ज्योतिबा कुरकुंभच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीला रसायनतज्ज्ञ होता. दौंडला राहत होता. दशांश चिन्हानंतरच्या तिसऱ्या अंकावरून त्याने एकदा चार पिंपे माल परत पाठवला होता. मात्र संस्था जिथे होती त्या केंदूरच्या अलीकडच्या वाडीत त्याची ओळख 'सोपानरावांचं दौंडचं जावई' एवढीच होती आणि लग्नाला अकरा वर्षे झाली तरी त्या ओळखीत काडीची भर पडली नव्हती. सासऱ्यांकडे गेला की त्याला उंच खुर्ची, पाठीशी लोड आणि हातात पाण्याचा तांब्या मिळे. मत कोणी विचारत नसे. सोपानराव संस्थेचे अध्यक्ष होते. २२ डिसेंबरला संस्थेची निवडणूक होती आणि विरोधी पॅनेलचे प्रमुख होते त्यांचेच चुलत भाऊ व संस्थेचे उपाध्यक्ष हौसराव. भावकीत जितके प्रेम असायला हवे तितके दोघांत होते, म्हणजे ते एकमेकांच्या ताटातले मोजत.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोपानरावांचा फोन आला.

"जावईबापू, तुमच्याकडं कंपूटर हाय म्हनं."

"आहे."

"मंग त्यो नुसता हाय, का काय करतोय बी?"

अकरा वर्षांत सासऱ्यांनी विचारलेला हा पहिला तांत्रिक प्रश्न होता. ज्योतिबाने तो गांभीर्याने घेतला, आणि पुढचे सगळे त्या गांभीर्यामुळे घडले.

काम कागदावर सोपे होते. फोटो आणि संदेश अशी बारा पाने बारा फ्लॉप्यांवर आली होती. त्यांची एक फाइल करायची आणि शिरूरच्या छापखान्यात द्यायची. बारा फ्लॉप्या कशासाठी, असा प्रश्न ज्योतिबाने विचारला तेव्हा सोपानरावांनी त्याच्याकडे शहरातल्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले. हौसरावांचा संदेश सोपानरावांच्या माणसाने टाइप केला आणि त्यात एक ओळ कमी पडली, तर ती ओळ निवडणुकीत सापडली असती. म्हणून ज्याने त्याने आपल्या विश्वासातल्या दुकानात, कोणी शिरूरला, कोणी तळेगाव ढमढेरेला, कोणी थेट दौंडला, आपापला संदेश टाइप करून घेतला होता आणि फ्लॉपीबरोबर एकच अट घातली होती. जसा दिला तसा छापायचा. एक रेघ हलता कामा नये.

रेघा पुष्कळ होत्या. हौसरावांची अक्षरे वीस पॉइंटांची होती व भोवती वेलबुट्टी होती. सोपानरावांची अक्षरे चौदाची, पण ठळक, आणि चौकटीत तारे. महिला शाखेच्या साखरबाईंच्या पानाला नक्षीची दुहेरी किनार होती, ती त्यांनी दुकानात दोन तास बसून पसंत केली होती. गुरांच्या डॉक्टरांच्या शुभेच्छांभोवती सफरचंदे होती, कारण दुकानदाराच्या संगणकात गाय नव्हती. उरलेले एक पान संस्थेचे संस्थापक कै. तात्याबा यांचे. मेंढरे विकून वाडीत पहिली संकरित गाय आणणारा हा माणूस दोन वर्षांपूर्वी वारला होता. त्यांच्या श्रद्धांजलीला, रिवाजाप्रमाणे, जाड काळी चौकट.

ज्योतिबाने प्रयोगवहीत तक्ता आखला. पहिली फाइल सोपानरावांची उघडली आणि तिच्याखाली हौसरावांची जोडली. हौसरावांची वीस पॉइंटांची अक्षरे डोळ्यांदेखत चौदाची झाली. वेलबुट्टी नाहीशी झाली.

त्याने फोनवर हे निरीक्षण कळवले.

"ऱ्हाऊ द्या की तसंच," सोपानराव म्हणाले.

"तसं कसं राहू देता येईल? अट आहे."

"अट हाय, पन मशिनच तसं म्हनतंय तर आपन काय करनार?"

ज्योतिबाने क्रम उलटा करून पाहिला. आधी हौसराव, मग सोपानराव. आता सोपानरावांसह सगळे वीस पॉइंटांचे झाले आणि स्मरणिका एकोणीस पानांवर गेली. हे कळवल्यावर सोपानरावांनी मशीन बिघडले असल्याचे निदान केले.

सात प्रयत्नांनंतर सातही वेळा एकच गोष्ट दिसली: जो आधी येतो त्याचा ढंग उरतो, मागून येणाऱ्याचा जातो. शेजारचे दादा, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, तोवर रोज संध्याकाळी खुर्ची ओढून मागे बसू लागले होते. गाडी जोडताना पाहण्याची त्यांना बत्तीस वर्षांची सवय होती.

"ज्योतिबा, बारा पाने वेगवेगळी छाप. कात्रीने काप. गोंद लाव. झेरॉक्स काढ."

"दादा, त्याला जोडणी म्हणत नाहीत."

"स्मरणिका म्हणतात ना?"

ज्योतिबाने गोंद नामंजूर केला. एक शिकलेला माणूस यंत्रासमोर गोंद घेऊन बसला, हे वाडीपर्यंत पोहोचायला दौंडहून एक जीप पुरली असती.

त्यातच साखरबाईंची फाइल उघडली आणि पडद्यावर अक्षरांऐवजी चिन्हे आली. त्यांच्या दुकानदाराचा मराठी फाँट ज्योतिबाच्या संगणकात नव्हता. ज्योतिबा सुट्टी टाकून मोटारसायकलवर शिरूरला गेला.

बाळासोचा छापखाना बाजाराच्या मागे होता. बाळासो पंचेचाळिशीचा, दहावी नापास, चष्म्याला दोरा बांधलेला माणूस. संगणकाला हार घातलेला होता आणि खोलीत चपला काढून यावे लागे. ज्योतिबाने हार पाहिला, चपला काढल्या आणि मनातल्या मनात या दोन्ही गोष्टींची नोंद केली. बाळासोने फाँट दिला, अडचण ऐकली आणि बिडी कानावर ठेवली.

"सर, बाराच्या बारा दुकानांनी साध्या अक्षराच्या ढंगाला एकच नाव ठेवलंय. वर्गात चार शंभू असल्यावर मास्तर काय करतो? आडनाव लावतो. तुम्ही बी प्रत्येकाच्या ढंगाला त्याचं त्याचं नाव लावा. मंग न्हाई मिसळायचं."

"आणि चौकटी?"

"चौकटींला बांध घालायचा. सेक्शन ब्रेक म्हंत्यात. प्रत्येक फाइलीच्या शेवटाला आधी बांध, मंग जोडायची. ज्याचं रान त्याच्या ताब्यात. फक्त बांध कोरायचा न्हाई, सर."

ही शेवटची सूचना ज्योतिबाला अनावश्यक वाटली. एम. एस्सी. झालेल्या माणसाला बांध कोरू नको असे सांगणे म्हणजे भटजीला जानवे घाल असे सांगणे. त्याने वहीत पहिल्या दोन सूचना लिहिल्या व तिसरी वगळली.

पद्धत बरोबर निघाली. तारे ताऱ्यांच्या जागी, सफरचंदे सफरचंदांच्या जागी. ज्योतिबाला कारखान्यात बढती मिळाल्यावर झाला नव्हता इतका आनंद झाला. सविताला, म्हणजे बायकोला, त्याने हाक मारून बाराही पाने दाखवली.

"आबांचं कितव्या नंबरला हाय?" तिने विचारले. वडिलांना ती आबा म्हणे.

"दुसऱ्या. पहिलं पान श्रद्धांजली. रिवाज आहे."

"मयताच्या मागं लगेच आबा?"

ज्योतिबाने तिला समजावले, की पानांचा क्रम आणि आयुर्मान यांच्यात कोणताही संबंध आजवर सिद्ध झालेला नाही. तिने वाद घातला नाही. तिने वडिलांना फोन केला. त्यानंतर चार दिवस वाडीत, तात्याबांच्या मागे लगेच कोणी यायचे, यावर बैठका झाल्या. हौसरावांनी मोठ्या मनाने तो मान अध्यक्षांना देऊ केला. अध्यक्षांनी तो उपाध्यक्षांना परत केला. साखरबाईंनी, "माझी सून बाळंत व्हायचीय, माझं नाव घिऊ नगा," असे सांगून ठेवले. अखेर तात्याबांना सर्वात शेवटी नेले, कारण शेवटच्याच्या मागे कोणी नसतो. एवढा तर्कशुद्ध निर्णय त्या संस्थेत बऱ्याच वर्षांत झाला नव्हता, हे ज्योतिबानेही मान्य केले.

पुढचा मान उजव्या पानाचा. पुस्तक उघडले की डोळा उजवीकडे जातो, म्हणून अकराही जणांना उजवेच पान हवे होते. बाळासोने फोनवर युक्ती सांगितली. बांध असा घालता येतो की पुढचा मजकूर उजव्याच पानावर सुरू होतो. ज्योतिबाने तसे केले आणि बाळासोकडून नमुना छापून आणला. मधले कोरे कागद कोरेच असल्यामुळे त्याने ते घरी हिशेबाला ठेवून घेतले आणि बारा छापील कागद वाडीत फिरवले. प्रत्येकाने आपले पान वाचले, इतरांची पाने मोजली आणि 'पास' लिहून सही केली. डॉक्टरांनी सफरचंदांकडे जरा वेळ पाहिले, पण सही केली.

शनिवारी बाळासोचा फोन आला. मुखपृष्ठाची चार पाने धरून सोळा पानांचा फर्मा ठरला होता, आणि नुसती फाइलच तेवीस पानांची होती. अकरा पाने कोरी जात होती.

सोपानरावांनी हे ऐकले आणि त्यांचा आवाज खाली आला.

"जावईबापू, कोरं पान ठेवू नगा. इलेक्शन तोंडावर हाय. लोक म्हंत्याल, हितं कुनाचा तरी संदेश व्हता आन् सोपाननं काढून टाकला. अकरा कोरी पानं म्हंजी अकरा घरं गेली."

"मग उजवं पान?"

"ते छापून आल्यावर बघू. छापल्यालं कोन हलवतंय?"

"एकदा नवा नमुना काढून सगळ्यांना दाखवतो."

"आजाबात न्हाई. परत प्रूफ फिरलं की परत पुढं कोन मागं कोन. सह्या झाल्यात. आता देवाला बी दाखवू नगा."

स्मरणिका निवडणुकीआधी दहा दिवस निघणार होती. ती नीट निघाली तर पंचवीस वर्षांचा कारभार लोकांच्या हातात छापील जाणार, आणि बिघडली तर तीच हौसरावांची सभा होणार, हे ज्योतिबालाही कळत होते. रविवारी दुपारी, बाजरीची भाकरी आणि मटण झाल्यावर, तो संगणकासमोर बसला. त्याचा संगणक जुना होता. पाने चौकटींसह पडद्यावर आणली की तो अडकून पडे. म्हणून ज्योतिबा नेहमी त्या साध्या दृश्यात काम करी, जिथे फक्त अक्षरे दिसतात आणि बांधाच्या जागी ठिपक्यांची दुहेरी ओळ दिसते. कोऱ्या पानांचे मूळ त्या ओळींत होते, हे उघड होते. त्याने प्रयोग केला. एक ओळ पुसली, तिथे साधे नवे पान घातले आणि वरची-खालची अक्षरे तपासली. एकही अक्षर बदलले नव्हते. निष्कर्ष: ओळ आता अनावश्यक. त्याने उरलेल्या दहा ओळीही पुसल्या, पाने मोजली, ती बरोबर भरली, आणि सोबत चिठ्ठी लिहून फ्लॉपी जीपने शिरूरला पाठवून तो झोपला.

प्रकाशनाच्या वेळी व्यासपीठावरच्या मान्यवरांनी स्मरणिका छातीशी धरून फोटो काढला. तेव्हा फक्त मुखपृष्ठ दिसत होते आणि त्यावर गाय होती. मग प्रती मांडवात वाटल्या. हौसराव माइकसमोर उभे राहून दुधाच्या फॅटविषयी बोलू लागले होते. पहिल्या रांगेतल्या रतनबाई, सत्तरी ओलांडलेल्या सभासद, यांना वाचता येत नव्हते. पण फोटो आणि काळी चौकट यांचा अर्थ त्यांना चांगला कळत होता. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"अगं, हौसराव कवा गेलं?"

"त्यो काय बोलतोय की समोर," शेजारीण म्हणाली.

रतनबाईंनी माइककडे पाहिले, पानाकडे पाहिले आणि छापील गोष्टीवर विश्वास ठेवला.

मागच्या रांगेतून कोणीतरी तेराव्याची तारीख विचारली. हौसराव थांबले. त्यांनी प्रत उघडली, आपले पान काढले, मग सोपानरावांचे. साखरबाई उठून उभ्या राहिल्या आणि सुनेला घेऊन मांडवाबाहेर गेल्या. डॉक्टर मात्र पानाकडे पाहत शांत बसले होते. सफरचंदे गेल्याचे समाधान त्यांच्या चेहऱ्यावर कोणालाही वाचता आले असते.

संध्याकाळपर्यंत वाडीत तीन उपपत्ती तयार होत्या. पहिली, तात्याबा शेवटी ढकलल्यामुळे रागावले आणि त्यांनी सगळ्यांना ओढले. दुसरी हौसरावांची: हा सोपानचा डाव. सोपानचे स्वतःचे पानही काळे आहे, असे निदर्शनास आणल्यावर ते म्हणाले, "आपल्यालाबी चौकट मारली, म्हंजी संशय येऊ नये. सोपानला वळखत न्हाई व्हय मी?" तिसरी सोपानरावांची, आणि ती सर्वांत सोयीची होती. चूक छापणाऱ्याची. शनिवारी संचालकांची चौकशी बैठक ठरली. तिथे बाळासोवर ठपका ठेवायचा, संस्थेचे आणि तालुक्यातल्या सगळ्या दूध संस्थांचे छपाईचे काम त्याच्याकडून काढायचे, की विषय संपला.

ज्योतिबालाही तिसरी उपपत्ती पटली. त्याच्या फाइलीत दोष असणे शक्य नव्हते. त्याने प्रयोग केला होता. शुक्रवारी तो शिरूरला गेला आणि या वेळी चपला न काढता आत शिरला.

"बाळासो, काळी चौकट कोणी घातली?"

बाळासोने ज्योतिबाचीच फ्लॉपी घातली. शेवटचा बदल: रविवार, दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटे. त्याने फाइल पूर्ण पानांच्या दृश्यात उघडली. बारा पाने, बारा काळ्या चौकटी.

"मला वाटलं, सायबांनी डिझाईन केलं आसंल."

"अकरा जिवंत माणसांना काळी चौकट, हे डिझाईन?"

"इचारनार व्हतो. पन तुम्हीच चिठ्ठीत लिव्हलंय, सर. एक रेघ हलता कामा नये."

चिठ्ठी ज्योतिबाच्या अक्षरात होती. त्याने चपला काढल्या, बाळासोच्या खुर्चीवर बसला आणि नवी फाइल उघडली. दोन पाने. पहिल्याला तारे, दुसऱ्याला काळी चौकट, मध्ये बांध. बांध पुसला. तारे गेले, काळी चौकट वर चढली. त्याने हे नऊ वेळा केले. नऊ वेळा तेच झाले. इतका स्वच्छ निकाल त्याला कारखान्यात क्वचित मिळाला होता.

शनिवारी संस्थेच्या कचेरीत बैठक भरली. ज्योतिबाला उंच खुर्ची देण्यात आली व पाण्याचा तांब्या. त्याने उभे राहून सांगितले, की चूक बाळासोची नाही, सोपानरावांची नाही आणि तात्याबांची नाही. चूक त्याची स्वतःची आहे.

कोणीही दचकले नाही.

"बसा, पाव्हनं," एक संचालक म्हणाले. "तुम्ही कशाला अंगावर घेताय?"

"अंगावर घेत नाही. मीच केलं."

"जावई काय करनार हो," साखरबाई म्हणाल्या. "त्येंनी काय केलंय का कवा?"

ज्योतिबाला वाटले, की हौसराव तरी ऐकतील. त्यांना विरोधकाच्या घरातला गुन्हेगार आयता मिळत होता. पण हौसराव सोपानरावांचे चुलत भाऊ होते, आणि त्या नात्याने ज्योतिबा त्यांचाही जावई होता.

"हे बघा, ज्योतिबाराव," हौसराव समजुतीने म्हणाले, "जावई समद्या भावकीचा आसतो. तुमच्या नावानं ठपका लिव्हला तर उद्या आमच्या पोरी कोन करंल? तुम्ही चहा घ्या. सोपाननं केलं म्हना, न्हाईतर त्या छापखान्यावाल्यानं. तिसरं नगा काढू."

अकरा वर्षे त्याला कोणी मत विचारले नव्हते, हे त्याने सोसले होते. पण आता हे लोक त्याला चूकसुद्धा करू देत नव्हते. दहावी नापास बाळासो चूक करू शकत होता, दोन वर्षांपूर्वी वारलेले तात्याबा करू शकत होते; एम. एस्सी. ज्योतिबा मात्र करू शकत नव्हता. त्याने बैठकीचे पुस्तक स्वतःकडे ओढले.

सोपानरावांनी त्याच्या हातावर हात ठेवला. आवाज हळू होता.

"ह्ये लिव्हलं तर लोक म्हंत्याल, ज्याला घर सांभाळता येत न्हाई त्यो संस्था काय सांभाळंल. खुर्ची जाईल, जावईबापू. बाळासोचं काय, त्यो आठ दिवस बोंबलंल."

"त्याचं दुकान जाईल. तालुक्यातलं सगळं काम जाणार, असं तुम्हीच ठरवलंय."

ज्योतिबाबरोबर दौंडहून आलेली सविता दारात उभी होती. महिला शाखेच्या साखरबाई सोडल्या तर बायकांनी कचेरीत यायचा रिवाज नव्हता, म्हणून ती उंबऱ्याच्या बाहेर होती.

"आबा," ती म्हणाली, "तात्याबांच्या मागं तुमचं पान नगं म्हनून फोन मी केला व्हता. उद्या कुनी मला इचारलं, चूक कुनाची, तर मी काय बाळासोचं नाव सांगू?"

सोपानरावांनी हात काढून घेतला. ज्योतिबाने लिहायला सुरुवात केली आणि अर्धे पान भरेपर्यंत मान वर केली नाही. लिहून झाल्यावर पुस्तक फिरवून सासऱ्यांसमोर ठेवले. त्यांनी ते दोनदा वाचले, कळले नसावे, पण शेवटची दोन वाक्ये कळली. मग चष्मा पुसला आणि अध्यक्ष या नात्याने खाली सही केली. हौसरावांनी ती सही नीट पाहिली आणि बऱ्याच वेळाने उपाध्यक्ष म्हणून आपली केली. नोंद अशी होती:

'चौकट, समास व पानाची मांडणी ही मजकुरात नसते. ती त्या त्या भागाच्या शेवटी असलेल्या विभागखुणेत साठवलेली असते. ती खूण पुसली की तिच्या वरचा मजकूर तिच्या खालच्या भागाची मांडणी घेतो. स्मरणिकेत शेवटचे पान कै. तात्याबा यांचे होते व त्यास काळी चौकट होती. कोरी पाने घालवण्यास प्रत्येक विभाग पुढील पानावर सुरू व्हावा, एवढाच बदल पुरेसा होता. तो न करता, चौकटी न दिसणाऱ्या दृश्यात, फक्त अक्षरे तपासून, मधल्या अकराही खुणा मी रविवार, दि. ८ डिसेंबर रोजी दुपारी जेवणानंतर पुसल्या. छापखान्याने मिळालेली फाइल जशीच्या तशी छापली. या प्रकाराशी अन्य कोणाचाही, हयात अथवा दिवंगत, संबंध नाही.'